बैठकीत मी काय बोलले

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एरवी त्याला सगळं सांगते, भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा. हे मात्र ओठांपर्यंत येतं, आणि मी चहा टाकायला उठते.

तुम्हाला ज्योती माहीत नाही. धुळ्याकडचं कुटुंब. वडील इथे सुरतेत, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. ज्योती आमच्या विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचा कोर्स शिकवायची, कंत्राटावर. वर्गात बऱ्याचशा तिच्याच वस्तीतल्या मुली. आई दिवसभर घरात जे करते त्याला काम का म्हणत नाहीत — असं काहीबाही विचारायची त्यांना. मी अर्थशास्त्राची ज्येष्ठ प्राध्यापक. हे मला सुचायला हवं होतं, नाही का? एकदा तिच्या वर्गात मागे जाऊन बसले होते. खरं सांगते, हेवा वाटला.

मग नियम आला. कोणा ज्येष्ठ प्राध्यापकाने प्रमुखपद घेतलं तरच कोर्स चालेल. नाहीतर कोर्स बंद, ज्योतीची नोकरीही गेली. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "अगं, त्यात काय! बैठकीत माझं नाव देते."

आता बैठकीचं सांगते... की आधी माझं सांगू? टाळतेय मी, कळतंय मला. लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा माझं गुजराती ऐकून लोक हसायचे. पुढे मीच त्यांना हसवायला शिकले. सहकारी म्हणायचे, "मॅडम, तमे बीजी बाईओ जेवां नथी." इतर बायकांसारखी नाही — हे मला फार आवडायचं. मेलं, आजही कोणी म्हणालं तर आवडेल.

तर बैठकीत कोर्सचा विषय निघाला. डीनसाहेबांनी चहात बिस्किट बुडवत विचारलं, "आमां भणावे शुं? धणीने सीधो केम करवो?" म्हणजे नवऱ्याला वठणीवर कसं आणायचं, हेच शिकवतात ना! सगळे हसले. टेबलाभोवती बाई मी एकटीच, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणाले, "ए तो साहेब, अमने भण्या वगर आवडे छे." ते आम्हाला न शिकताच येतं.

काय हशा पिकला! साहेबांना ठसका लागला. त्या हशातच त्यांनी विचारलं, "तो मॅडम, तमे लो छो?" मग तुम्ही घेता का प्रमुखपद? मी हसत मान हलवली. नाही म्हणून. विषय संपला. कोणी धमकावलं होतं का मला? छे. कोणी अडवलं? तेही नाही. मला फक्त तो हशा मोडवेना.

ज्योती खाली व्हरांड्यात उभी होती. "खूप भांडले गं," मी म्हणाले, "एकटी पडले." हे वाक्य मी जिना उतरताना जुळवलं होतं. तर तीच मला समजावत बसली. "मॅडम, जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही होता म्हणून कोणी बोललं तरी." पुढे तिच्या आईने घरी जेवायला बोलावलं. माझा हात हातात धरून म्हणाली, "मनी पोरसाठे तू भांडनी, बाई." मी जेवले. कळण्याची भाकरी होती. आणखी मागून घेतली.

ज्योती आता सुरतेतच, पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात फोनवर ऑर्डरी घेते. यंदा महिला दिनाला तिने वस्तीतल्या बायका जमवल्या आणि मला पाहुणी म्हणून बोलावलं. ओळख करून देताना म्हणाली, "भर बैठकीत, सगळ्या पुरुषांसमोर आपल्यासाठी एकट्या भांडल्या, त्या ह्या मॅडम." बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. तिची आई पदराने डोळे पुसत होती.

मी माइक हातात घेतला, आणि बायकांनी न घाबरता खरं बोलायला शिकलं पाहिजे, यावर बोलले.