अक्काचं गाणं आणि बहिरं यंत्र

मंडळी, आज जळगावला आमच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, नातीची हळद होती. अक्का मात्र गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आमच्याकडे देवपूरलाच अडकलेली. विहिणीला चिमटे काढणारं तिचं गाणं नाही, तर हळद कसली? म्हणून तिचं गाणं रेकॉर्ड करून पाठवायला मी सकाळी माइक, त्याचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, आणि लॅपटॉप जोडून बसलो.

अक्का मन लावून गायली. ऐकतो तर पंखा, कुकरची शिट्टी आणि स्वयंपाकघरातून सौभाग्यवती, "कळत नाही त्यात हात कशाला घालतात?" अक्का कुठेतरी कोसभर लांब.

"भाऊ, तुनं यंत्र बहिरं शे का?" अक्कानं विचारलं.

माइकवर टिचकी मारली, पडद्यावरची आवाजाची रेघ ढिम्म. लॅपटॉपवर मारली, तर टुणकन उसळली! सॉफ्टवेअर लॅपटॉपच्याच माइकनं ऐकत होतं. सेटिंगमध्ये 'नेति नेति' करत इनपुटला इंटरफेस निवडला आणि जीव भांड्यात पडला.

अक्का पुन्हा खणखणीत गायली. मी ती रेघ बघण्यातच गुंग. झाल्याबरोबर, न ऐकताच, पाठवून दिलं.

आत्ता जळगावहून फोन आला. सगळा मांडव हसतोय. विहिणीच्या आधी अक्कानं चिमटा काढायला माझंच नाव गाण्यात गुंफलंय आणि अक्षरन् अक्षर स्वच्छ कळतंय म्हणे.

सेटिंग जमल्याचा आनंद मानावा ना, मंडळी?