क्लोरीन, कचोरी आणि माझे सहा महिने

जयपूरला गेले ते महाल बघायला नव्हे. मुलाने, संदीपने, फोनवर माझी वाटणी करून टाकली होती. "आई, सहा महिने सांगली, सहा महिने जयपूर. तू नसताना घरात भाडेकरू ठेवू. फक्त बाबांचं कपाट रिकामं करावं लागेल." म्हटलं, हो म्हणण्याआधी जागा तरी बघून येऊ.

पुण्याहून रेल्वेने जा, सोबत दशम्या घ्या. जयपूर स्टेशनपासून संदीपचं बनी पार्क जवळच आहे. रिक्षावाला हे आपणहून सांगत नाही. माझी खोली तयार होती. सुनेने भजनांचा स्पीकरही आणून ठेवला होता. विधवेला आणखी काय लागतं? पुस्तक एकही नव्हतं, म्हणून नातीचं, रेवाचं, रसायनशास्त्र वाचून काढलं.

रविवारी गाडीने चाकसूला, शीतलामातेच्या जत्रेला निघालो. या सणाला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंडच खातात. आमच्या सुनेकडे हे व्रत वर्षभर चालतं.

रेवा कुरकुरत होती. "आजी, क्लोरीनचा अणू दो टाइपचा असतो, वजन ३५ आणि ३७. मतलब अ‍ॅव्हरेज ३६ ना? बुकमध्ये ३५.५ आहे. बुक गलत आहे."

मी डबा उघडला. तीन पुऱ्या, एक कांद्याची कचोरी. "३५चे साधारण तीन अणू असतात, तेव्हा ३७चा एक. आता सांग, सरासरी कुणाकडे झुकेल?"

"पुरीकडे. पण ३५.५ वाला कौनसा अणू?"

"एकही नाही."

संदीप हसला. "आई, तू टीचर व्हायला हवं होतंस."

"तुझंही तेच चुकलंय. गावं दोन म्हणून अर्धं-अर्धं. मी कुठे किती आहे, हे विचारलंस? तिथे माझं वाचनालय, माझ्या मैत्रिणी, तुझे बाबा."

"आई, बाबा तर..."

"गेले. ठाऊक आहे मला. कपाट आहे."

रेवाने डब्यातल्या पुऱ्या पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "मतलब आजी नऊ महिने तिथे, तीन इथे."

"आणि भाडेकरूला काय सांगू?" संदीपने विचारलं.

"दुसरं घर बघ म्हणावं."

तुम्ही गेलात तर थंडीत जा. मीही आता थंडीतच जाणार. सरासरी काढली तर मी नगरच्या आसपास राहते म्हणायची. तिथे मला कुत्रं ओळखत नाही.

घरी आले, कपाट उघडलं, ह्यांचे शर्ट उन्हात घालून पुन्हा जागेवर ठेवले. शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "साधारण दोन वर्षांत माणूस सावरतं हो."

सावरत असेल साधारण माणूस. मला तो अजून भेटलेला नाही.