वलांडीखालची जागा

"यावर मी सही नाय करनार," जानकीमावशी म्हणाल्या आणि पेन टोपण लावून माझ्या टेबलावर ठेवलं.

मी पालघरला एका सीनिअर वकिलांकडे ज्युनिअर आहे. जानकीमावशी आमच्या क्लायंट. राहणार नवापूर, काम बोंबील वाळवून विकायचं. त्यासाठी लागते वलांडी, म्हणजे बांबू उभे करून त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्या. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून मावशी एकाच मोकळ्या जागेत वलांड्या घालत आल्या होत्या. जागा मात्र चिंचणीच्या एका वाडीवाल्यांची. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. चिकूची आणि नारळाची वाडी तिकडे, आणि हा एक रिकामा तुकडा नवापूरला किनाऱ्याजवळ.

त्या वर्षी अण्णांच्या मुलाने, निखिलने, मावशींना नोटीस पाठवली. जागेवर रचून ठेवलेले बांबू पंधरा दिवसांत काढा, नाहीतर जेसीबी आणतो. नोटीस इंग्रजीत होती आणि इंटरनेटवरून उतरवलेली दिसत होती, कारण एका ठिकाणी जागेच्या जिल्ह्याचं नाव भलतंच राहून गेलं होतं. पाऊस संपला होता, होड्या बोंबील आणायला लागल्या होत्या. ओला बोंबील थांबत नाही. वाळवायला जागा नसेल तर मावशींचं वर्ष गेलं.

सरांनी मार्ग ठरवला, ॲडव्हर्स पझेशन. सोप्या भाषेत सांगायचं तर, दुसऱ्याची खासगी जागा तुम्ही त्याचा हक्क न मानता, उघडपणे, सलग बारा वर्षं ताब्यात ठेवलीत आणि त्याने तेवढ्या काळात दावा केला नाही, तर त्याचा हक्क संपू शकतो. लोकांना यातली फक्त बारा वर्षं माहीत असतात. "त्याचा हक्क न मानता" हा भाग कोणी सांगत नाही. परवानगीने बसलेला माणूस पन्नास वर्षं बसला तरी तो मालक होत नाही.

मी इंग्रजी शाळेतली. दाव्याचा ड्राफ्ट मी इंग्रजीत करते, आमचे टायपिस्ट त्याचं मराठी करतात आणि मग मी तो क्लायंटला वाचून दाखवते. माझं मराठी वाचन सावकाश. कोर्टाची मराठी तर मी एकेका शब्दावर थांबत वाचते. त्यामुळे मावशींनी प्रत्येक शब्द ऐकला.

"'वादी ही मूळ मालकाच्या हक्कास न जुमानता…'"

"थांब बाय. न जुमानता म्हंजे?"

"म्हणजे मालकाला न विचारता. तुम्ही स्वतःच बसलात, असं."

"कोन बोललं न विचारता?"

मी कागदाकडे पाहिलं. तो मीच लिहिला होता.

"दरवर्सी चिंचणीला जाते मी. मागल्या सालचे सुके बोंबील ठेवलेले असतात, ते नेते. अण्णांना बोलते, यंदा बांबू रोवू ना? ते बोलतात, रोव. मग वयनी चिकू देतात. आन तू लिवतेस मी न विचारता घुसली? गावात तोंड कसं दाखवू?"

"मावशी, असं लिहिलं तर जागा तुमची होऊ शकते."

"आन चोर बी मीच होनार ना?"

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मला सरांसमोर लांब वाक्य बोलता येत नाही. "सर, क्लायंट सही करत नाहीत. त्या दरवर्षी विचारून बसतात."

"कोणाला विचारून?"

"मालकालाच. बोंबील देऊन."

सरांनी चष्मा काढला. "मग केस मेली. खोटं लिहायचं नाही. मुलाचा कोणी वकील आहे?"

"नाही. नोटीस त्याने स्वतःच पाठवलीय."

"मग जा चिंचणीला. बोल त्यांच्याशी."

"मी?"

"बोंबलांचं तुलाच सांगितलं ना त्यांनी?"

आम्ही दोघी एसटीने गेलो. अण्णा ओटीवर झोपाळ्यावर होते. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडणं बंद झालं होतं. निखिल बोईसरला कंपनीत आहे आणि सरावलीला राहतो. मी फोन केला म्हणून तो आला होता, हातात फाईल घेऊन.

अण्णा लांबूनच ओरडले, "जानके, हात रिकामे? बोंबील कुठं?"

"तुमच्या पोरानं या वर्सी नोटीस धाडली. बोंबील कसले?"

"कसली नोटीस रे?"

निखिलचे कान लाल झाले. "बाबा, नंतर सांगतो." मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, मला जागा विकायची नाही, बांधायची नाही. पण एक एजंट म्हणाला, बारा वर्षं झाली की जागा बसणाऱ्याची. यांना तर कितीतरी जास्त झाली. मी घाबरलो."

म्हणजे दोन्ही बाजू एकाच बारा वर्षांना धरून बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या जोरावर, तो त्यांच्या धास्तीने. मग मला लांब वाक्यं बोलावीच लागली. मी सांगितलं, परवानगी असेल तर ती बारा वर्षं मोजली जात नाहीत. परवानगी आहे एवढंच लिहून घ्या, तुमची मालकी पक्की. आणि जेसीबी विसरा. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या वापरात असलेली जागा मालकालाही स्वतःच्या हाताने रिकामी करता येत नाही, कोर्टातून जावं लागतं.

"मग त्या लिहून देतील, जागा आमची म्हणून?"

"मी कवापासून तेच बोलते," मावशी म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. "एकदा लिहून दिलंत की जागेवर हक्क सांगायचा रस्ता बंद. नीट विचार करा."

"जागा माजी नवतीच. माजे बांबू हायेत."

मग मी त्यांच्या बाजूची एक अट टाकली. हंगाम चालू असताना बांबू काढायला लावायचे नाहीत. जागा हवी असेल तर पावसाळ्याआधी सांगायचं.

निखिल अडला. "आणि मधेच गरज पडली तर? हे मी मान्य केलं नाही तर?"

"तर तुम्ही कोर्टात जा. परवानगी सिद्ध करायला वडिलांना साक्षीला आणावं लागेल. ती कधीपर्यंत होती, हे आम्ही त्यांनाच विचारू."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी झोपाळा थांबवला. "मी रोव म्हणालो ते हंगामभर. अर्ध्या हंगामात उपट, असं मी कधी म्हणालो नाही. आणि कोर्टात मी खोटं बोलणार नाही. मी बोंबील खाल्लेत."

आतून वहिनी म्हणाल्या, "मी पण."

निखिल हसला आणि फाईल मिटली. परवानगीचा करार झाला. मोबदला म्हणून दरवर्षी एक टोपली सुके बोंबील. मी "टोपली" लिहिलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "मोठी लिव."

बांबू त्याच आठवड्यात उभे राहिले. त्याआधी मावशींनी टोपली नेऊन अण्णांना विचारलंच. कागद झालाय, आता विचारायची गरज नाही, असं मी फोनवर सांगितलं होतं. "कागद तू केला. मी इचारनार," त्या म्हणाल्या. एक टोपली आमच्या ऑफिसलाही आली. सर शाकाहारी आहेत. फाईलच्या कपाटाला दिवाळीपर्यंत वास होता.

तुमची मोकळी जागा कोणाला वापरायला दिली असेल तर एवढंच करा, दिली आहे असं लिहून ठेवा. पुढे कोणी घाबरत नाही.

आमच्या ऑफिसात तेव्हापासून नियम आहे. सहीआधी प्रत्येक दावा क्लायंटला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तो मीच वाचायचा. मी मराठी वाचनाचा क्लास लावू का, असं सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, अजिबात नको.