टेम्पोचे वर्णन मी नापास केले, त्याची हकीकत

“काकाजीनं उगाच खुसपटं काढली, चूक एआय एजंटची होती,” असे माझा पुतण्या नालवाडीभर सांगत फिरतो. ते धादांत खोटे आहे. भाजीवाल्यांच्या सामाईक टेम्पोची विचारणा आता एआय एजंट घेतो; त्याला वापरायला पुतण्याने दोन साधने बनवली: एक टेम्पो मोकळा आहे का ते पाहणारे, दुसरे तो राखून ठेवणारे. एजंटला वाचायला मात्र दोन्हींपुढे ‘टेम्पोची व्यवस्था’ एवढेच लिहिले. तपासायचे काम माझ्याकडे होते; मी ते वर्णन नापास केले.

“तुमाले यातलं काय समजते, काकाजी?” तो हसला आणि तेच वर्णन ठेवून एजंट चालू केला.

पुढे कोणी टेम्पो मोकळा आहे का एवढीच चौकशी केली आणि एजंटने टेम्पो राखून टाकला. राखलेला टेम्पो आमच्याकडे दुसऱ्याला देत नाहीत. शेजाऱ्याची मेथी बांधावरच कोमेजली.

मग साधनांची नावे झाकून मी तीच वर्णने पुतण्यापुढे ठेवली आणि पाहणारे साधन ओळखायला सांगितले. त्याने राखून ठेवणाऱ्यावर बोट ठेवले.