कोवळे कोंब

आमच्या सोसायटीत हिरवळ कापतात, तेव्हा त्या ओल्या वासाने मला मुरबाडची काकू आठवते. भात निघाल्यावर गावची गुरं उन्हाळाभर मोकाट फिरायची. काकूने मात्र विहिरीजवळ काट्यांचं कुंपण घालून ज्वारीसारखं दिसणारं सुदान गवत पेरलं होतं. मे महिन्यातही तिच्या गाईपुढे हिरवा चारा असायचा.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. कापलेल्या गवताला फुटलेले वीतभर कोंब मी लाडाने खुडले आणि गाईला भरवले. काकू अनवाणी धावत आली. गाईच्या तोंडात हात घालून तिने घास बाहेर ओढला.

"नाय गो बाय! कवले कोंब म्हंजे इख. कमरेएवढं वाढलं का मगच द्यायचं."

गाय रवंथ करायला लागेपर्यंत ती तिच्यापाशी बसून राहिली.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "कोंब कोनी खुडलं?"

मी काकूकडे पाहिलं.

"मीच," काकू म्हणाली.

"सगल्या गावाला शिकवतेस, नि एवढं कलत नाय तुला?"

काकूने गाईपुढे पेंढा टाकला. मी शेजारीच उभी होते. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. त्या चाऱ्यातलं गावात सर्वांत जास्त कळणारी बाई माझ्यासाठी अडाणी ठरली होती, हे उमगायला बरीच वर्षं गेली.