बुजवलेले घाव

रंगाचा डबा उघडा राहिला की वाळतो, किस्सा मात्र वाळत नाही. एक सांगायला घ्यावा, तर मागून चार ढकलाढकली करत येतात. आमचं पेंटरचं दुकान गोंदियात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, असली कामं. त्यात यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी केशोरीकडच्या एका लहानशा चर्चचं काम आलं, आणि बाप्पा, वीस वर्षांत बोर्डांनी दिले नसतील एवढे किस्से त्या एका कामानं दिले!

*

पहिला गज्जूचा. गज्जू म्हणजे माझा पार्टनर. हात सफाईदार, डोकं बिनकामाचं. चर्चचे फादर मूळचे झारखंडचे, बोलणं सगळं हिंदीत. त्यांनी सांगितलं, भिंतीवर कोकरू काढा, पायाशी झेंडा. दुपारी येऊन बघतात तर काय! गज्जूनं चांगला दाढीवाला बोकड उभा केलेला.

"गज्जूभाई, ये तो बकरा है!"

"फादर, बळी तर बकऱ्याचाच जाते ना!"

फादर पोट धरून हसले. मग भिंतीजवळ खाली बसले आणि म्हणाले, "ये मेमना यानी यीशु. इसको कोई ज़बरदस्ती नहीं लाया था. ये अपने पाँव चलकर आया, हम सबके बदले में."

गज्जूनं ब्रश डब्यात ठेवला. "सोताहून?" एवढंच विचारलं. संध्याकाळपर्यंत दाढी पुसून कोकरू केलं आणि त्या रविवारी मटणाला आला नाही. पुढच्या रविवारी आला म्हणा!

*

दुसऱ्या भिंतीवर एक पक्षीण काढायची होती. पिल्लं उपाशी, म्हणून ती चोचीनं आपलीच छाती फोडते आणि त्यांना रक्त पाजते. फादरांनी दिलेली झेरॉक्स एवढी काळी की पक्षी कुठला, कळेना. गज्जूनं डोकं लावलं आणि काढला सारस! लांब पाय, लाल मान, मागं धानाची बांधी.

मी म्हटलं, "अबे, सारस असं करते का?"

चर्च झाडणारी म्हातारी तिथंच उभी होती. हातातला झाडू तसाच ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्यावरच खेकसली, "काऊन नाही करन? माय हाये ना ते!"

फादर म्हणाले, "रहने दो. यहाँ के बच्चे इसी को पहचानेंगे."

तो सारस अजून आहे भिंतीवर. कधी गेलात तर बघा.

*

आता हिरामणकाकांचं सांगतो. काका आमचे उस्ताद, खरे मूर्तिकार. एकेकाळी त्यांची दुर्गा बघायला बालाघाटहून लोक यायचे. त्यांनी रंगानं मूर्तीचे डोळे उघडले की वाटायचं, माय आता बोलन!

पंधरा वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दिवशी शेजारची सुनीता तलावात घसरली. दुसरीतली पोर. काकांचा पोरगा अनिल मागं उडी मारून गेला. तिला मनगटाला धरून काठावर फेकलं, आणि स्वतः काही वर आला नाही. एकुलता एक होता.

तेव्हापासून काकांनी देव घडवला नाही. दुकानात बसून बोर्डांची अक्षरं काढतात. सुनीता आता नर्सिंगला आहे. दर दिवाळीला बाही खाली ओढत ओढत येते. काका भिंतीकडे तोंड फिरवतात. पोरगी पाठमोऱ्या माणसाच्या पाया पडते आणि जाते. आम्हाला लय वाईट वाटते, पण काकांना बोलायची कोणाची टाप आहे!

*

चर्चमधली येशूची मूर्तीही दुकानात दुरुस्तीला आली होती, प्लास्टरची, दोन्ही हात पुढं केलेली. मेल्यावर तिसऱ्या दिवशी जिवंत झालेला येशू. ईस्टरला लागणार होती. काका म्हणाले, "घडवणार नाही. दुरुस्ती करून देतो."

आठ दिवस खपले. काय काम केलं राजेहो! फादर आले, मूर्ती बघितली आणि उभेच राहिले.

"काका, हाथ के घाव कहाँ गए?"

"बुजवले ना! तळहाताले भोकं, कुशीले चीर. खंडित मूर्ती पुजत नाही आमच्यात."

फादर रागावले नाहीत. मूर्तीच्या गुळगुळीत तळव्यावरून हात फिरवत म्हणाले, "यही तो पहचान है, काका. मौत से लौटे, तो भी घाव साथ लाए. चेलों को वही दिखाए."

"देव हाये ना तो? मंग मिटवले काऊन नाही?"

"मिटा सकते थे," फादर म्हणाले. "नहीं मिटाए."

काकांनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि चपला घालून घरी गेले. दोन दिवस आलेच नाहीत. ईस्टर तीन दिवसांवर, फादरांचे फोनवर फोन. मी गज्जूला म्हटलं, आता तूच फोड भोकं. गज्जू म्हणाला, "माया हात नाही धजत गा."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले. बसायच्या आधीच म्हणाले, "सुनीताले बोलाव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण फोन लावला. पोरगी हॉस्टेलवरून तशीच धावत आली, घामाघूम, दारातच थांबली.

"हात दाखव," काका म्हणाले.

तिनं डावा पुढं केला.

"तो नाही. तो."

तिनं उजवी बाही वर केली. मनगटावर आडवा, जाड व्रण. ओढताना अनिलच्या हातातलं कडं रुतलं होतं, त्याचा. काकांनी तिचा हात धरून तिला खिडकीपाशी नेलं आणि उजेडात बघत राहिले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

मग काकांनी पटाशी घेतली आणि मूर्तीच्या तळव्यातलं प्लास्टर हळूहळू कोरून काढलं. मी लाल रंगाचा डबा पुढं केला, तर मान हलवली.

"लाल नको. जिता झाला ना तो? मंग घाव भरला असन." आणि गुलाबी, पांढरा, थोडा मातकट असा रंग मिसळू लागले. एकदा सुनीताच्या मनगटाकडे बघत, एकदा मूर्तीच्या हाताकडे.

एक हात झाला. सुनीताच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं बाही खाली ओढली आणि जायला निघाली.

ब्रशवरून नजर न काढता काका म्हणाले, "बस, पोरी. दुसरा हात बाकी हाये."