जिन्यावरची हाक

पालघर स्टेशनाबाहेर सुक्या बोंबलांचा वास आला, की मी थेट साठच्या दशकातल्या गिरगावात, एका जिन्यावर जाऊन पोचतो. कॉलेजसाठी खोली शोधत मी आणि आईने निम्मी मुंबई पालथी घातली होती. उरलेल्या निम्म्या मुंबईने आईच्या पिशवीतल्या बोंबलांचा वास घेऊन आपणहून दारं लावली होती.

एका घरमालकीणबाईंनी मात्र खोली दाखवली. आई सातपाटीला मासे विकायची. तिने भाडं ऐकलं आणि सरळ अर्ध्यावर आणलं. बाई हलेनात.

"मंग नको. चल रं!"

बाजारात गिऱ्हाईक असं पाठ फिरवून निघालं, की आई हाक मारून त्याला परत बोलवायची.

"आये, हितं कोन हाक नाय मारत!" मी रडकुंडीला आलो.

"गप. हलू चाल."

ती इतकी हळू उतरली, की मला जिन्यातच मिशी फुटली असती.

"अहो, या वर! घ्या खोली!"

मी उड्या मारत वर पळालो. आई खालीच उभी राहून पदराने नाक पुसत होती. तेव्हा वाटलं, तिला जिन्याचा कंटाळा आलाय. आता वाटतं, ती हाक आली नसती, तर मी तिच्याबरोबर घरी परतलो असतो.